पाणी सोडायचा शब्द

आमच्या विभागाच्या दारावरच्या पाटीवर दोन विषयांची नावं आहेत : उद्यानविद्या आणि वनशास्त्र. नवीन मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतात, की मोसंबी-पेरूच्या शेजारी हे वनशास्त्र कुठून आलं? कुणी सांगतं, वरून आदेश आला. कुणी सांगतं, परदेशात तशी पद्धत आहे. कॉलेजच्या वार्षिकासाठी मला विभागाचा इतिहास लिहून मागितला, तेव्हा मी आधी नको म्हणालो. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. माझं पत्र घरी गेलं की अजूनही ते वाचून घ्यायला शाळेतल्या गुरुजींना गाठावं लागतं. इतिहास म्हणजे कधी काय मंजूर झालं ते लिहायचं, एवढं मला कळतं. पण लिहायला बसलो की मला उमाप सरच दिसतात. राहू गावच्या बागेत भर दुपारी उभे, डोळे मिटलेले, मोसंबीचं एक पान गालाला लावलेलं.

म्हणून मी सरांबद्दलच लिहितो. छापायचं नसेल तर छापू नये.

आधी त्या पानाचं सांगतो. दाविद उमाप सर झाडाचं पान तोडत नसत. फांदी हलकेच ओढून पान गालाला टेकवत. पान गार लागलं तर मुळाशी ओल आहे, कोमट लागलं तर झाड तहानलं आहे, असं ते सांगत. आम्ही पोरं ओळीनं उभी राहून गालाला पानं लावायचो आणि आम्हाला सगळी पानं सारखीच लागायची. एकदा पुण्याच्या एका मुलानं विचारलं, "सर, थर्मामीटर नाही का आपल्याकडे?"

सर म्हणाले, "आहे ना. कॉलेजच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे आहे, आणि हेडक्लार्क रजेवर आहेत. गाल कसा, आपल्याजवळच असतो."

त्या काळी आमचा विषय हा विभाग नव्हताच. पीकशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात एक टेबल, दोन स्टुलं आणि पाण्यात भिजत घातलेल्या केळीच्या सोपटांचा एक डबा, एवढाच त्याचा संसार. कलम बांधायला ती सोपटं लागत. पीकशास्त्राचे मोठे प्राध्यापक जाता जाता विचारत, "काय उमाप, माळीकाम कसं चाललंय?" सर म्हणत, "चाललंय. झाडं मोठी झाली की सावलीला या."

बाकी जे काही होतं ते राहूला. भीमेच्या काठी कॉलेजची थोडी जमीन होती, विहीर होती, तेलावर चालणारं इंजिन होतं आणि दोन खोल्या होत्या. त्या खोल्यांत सर राहत. जंभेरीची, म्हणजे रानटी लिंबाची, रोपं वाढवून, त्यांच्या सालीत मोसंबीचा डोळा भरून, म्हणजे कलम करून, त्यांनी तिथं बाग उभी केली होती. तिच्यावर बरंच काही अवलंबून होतं. कॉलेजनं सरांना स्पष्ट सांगितलं होतं, की बागेनं पहिला बहार नीट धरला तर समिती येऊन पाहील आणि फळबागांचा वेगळा विभाग होईल. नाहीतर जमीन पीकशास्त्राला उसासाठी द्यायची. बागेच्या तिन्ही बाजूंनी तेव्हाच ऊस आला होता. चौथ्या बाजूला नदी.

माझी त्यांची पहिली गाठ याच बागेत पडली. पुण्याहून आगगाडीनं केडगाव, तिथून बैलगाडीनं राहू, असे आम्ही प्रात्यक्षिकाला गेलो होतो. डोळा भरताना चाकू माझ्या अंगठ्यात घुसला. सरांनी डब्यातलं सोपट काढून अंगठा बांधला, कलम बांधतात तस्सा, आणि म्हणाले, "आता याला मोसंबीची फूट आली तर मला कळवा." मुलं हसली. मला हसावं की नाही ते कळेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "घरात शिकलेलं कोण आहे?"

"मीच, सर."

"गाव?"

"मांडवगण फराटा."

"म्हणजे नदीपल्याडचे आमचे शेजारीच की. सावकाश घ्या हो. तुमच्या मागं कुणी लागलेलं नाही."

ते आम्हा सगळ्यांना अहो-जाहोच करत. बुटके होते. डोक्यावर सोला टोपी, तिचा पट्टा हनुवटीखाली घट्ट ओढलेला. मूळचे शिरूरच्या मिशन कंपाउंडातले. जेवायला बांधावर बसले की आधी डोकं खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना करत. तेवढा वेळ बागेतले गडीही हातातली भाकरी तोंडाशी नेत नसत. कुणी तसं सांगितलं नव्हतं. एखादा नवा गडी चावत राहिला तर मुकादम आप्पा शेलार त्याला कोपरानं ढोसत, "थांब की लेका. सरांचं चाललंय न्हवं?"

आणखी एक सवय. वाळलेल्या झाडाला सर कधी 'मेलं' म्हणत नसत. 'थांबलंय' म्हणत. रोपवाटिकेत काडी झालेलं रोप उपटून टाकतानाही म्हणत, "हे थांबलंय." आम्ही मुलं त्याची नक्कल करायचो. परीक्षेत कुणी नापास झालं की म्हणायचो, थांबलंय.

सरांच्या पत्नी मार्थाबाई शिरूरच्या शाळेत शिकवत, म्हणून त्या तिकडेच राहत. शनिवारी दुपारी सर सायकल नावेत चढवून भीमा ओलांडत आणि न्हावऱ्यावरून शिरूरला जात. रविवारची उपासना करून सोमवारी परत. येताना डब्यात शेंगदाण्याची चटणी असे आणि ती सगळ्यांच्या भाकरीवर फिरे. बाई एकदाच बागेत आलेल्या मी पाहिल्या. तेव्हा झाडांना ताण दिलेला होता. मोसंबीला फूल यावं म्हणून उन्हाळ्यात तिचं पाणी काही आठवडे तोडतात. झाड सुकत जातं, पानं मिटतात, गळतात. मग पाऊस आला किंवा पाणी सोडलं की एकदम फुलतं. किती सुकू द्यायचं हीच सगळी विद्या. बाईंनी ती केविलवाणी झाडं पाहिली आणि म्हणाल्या, "तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही, आणि वर म्हणे त्यानं फुलावं! हे तुमच्या सरांचं शास्त्र."

सर म्हणाले, "मी आधी झाडाला विचारतो आणि मगच थांबतो."

"झाडाला विचारतात," बाई आम्हाला म्हणाल्या. "मला कधी काही विचारलेलं आठवत नाही."

"तुम्हाला विचारायची वेळच येत नाही. तुमचं उत्तर आधी येतं."

आप्पा शेलार तोंडावर उपरणं धरून हसले. आप्पा राहूचेच, सरांपेक्षा वयानं बरेच मोठे, माळकरी. तरी सरांच्या बरोबरीनं ते कधी बसले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात पुढं एक गोष्ट घडली. ताण चालू असतानाच सरांना कॉलेजच्या कामासाठी पुण्याला जावं लागलं. मागं आप्पांना झाडांकडं बघवेना. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि सगळ्या बागेला एक पाळी पाणी दिलं. सर परत आले तेव्हा बाग तजेलदार झाली होती. पुढं पाऊस आला, झाडांवर कोवळी पालवी आली, पण फूल आलं नाही. ताण अर्ध्यात तुटला की असंच होतं. पहिला बहार गेला. समितीचं येणं एक वर्ष पुढं गेलं.

आप्पा म्हणाले, "सर, लेकरागत माना टाकल्याल्या. मला ऱ्हावलं न्हाई."

सर रागावले नाहीत. बराच वेळ ते टोपीचा पट्टा सैल करत आणि पुन्हा ओढत उभे राहिले. मग म्हणाले, "आप्पा, यापुढं ताण बसला की पाणी मी सांगेन तेव्हा. माझ्या शब्दाशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही."

आप्पांनी शपथेला नदीकडं हात केला आणि म्हणाले, "न्हाई लावणार."

इंजिनाचं हँडल व्हरांड्यातल्या खुंटीला टांगलेलं असे. कुणाच्याही हाताला येईल असं.

पुढच्या वर्षी ताण चांगला बसला. मी सुट्टीसाठी घरी जायच्या आधी बाग पाहिली होती. सर रोज दुपारी पान गालाला लावून म्हणत, "अजून थोडं." एके दिवशी शिरूरहून निरोप आला, की बाईंना ताप आहे. सर निघताना आप्पांना म्हणाले, "सोमवारी येतो. आलो की आंबवणी देऊ." आंबवणी म्हणजे ताण तोडताना द्यायचं पहिलं हलकं पाणी. हे मला आप्पांनी नंतर सांगितलं.

सोमवारी सर आले नाहीत. बाईंचा ताप उतरला नाही. त्यातच त्या गेल्या.

आमच्या गावात कळलं तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, आणि मी शिरूरला गेलो. आप्पाही आले होते. ख्रिस्ती लोकांचं दफन मी पहिल्यांदाच पाहिलं. लोक गीत गात होते. सरांनी टोपी दोन्ही हातांत धरली होती आणि ते तिच्या आत पाहत होते. ते रडले नाहीत. मी त्यांच्याकडं पाहत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं असं मात्र वाटत होतं.

काही दिवसांनी आम्ही पुन्हा भेटायला गेलो. ऊन तसंच होतं. पावसाचा पत्ता नव्हता. सर घरासमोरच्या बाकावर बसले होते आणि आप्पा खाली जमिनीवर. सरांनी त्यांना हात धरून बाकावर बसवलं. आप्पा कडेला टेकले.

सर म्हणाले, "राहूला ऊन कसंय?"

आप्पांनी मान वर केली. मला वाटलं, आता ते बागेचं सांगतील. तात्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते जरा पुढं सरकले.

"हाय," आप्पा म्हणाले. "हाय आपलं."

"हं," सर म्हणाले.

चहा आला. आप्पांनी बशीत ओतला, आणि बशी तशीच हातात राहिली. शेजारच्या एक बाई आल्या, सरांशेजारी बसून त्यांनी प्रार्थना केली. आणखी माणसं आली. आम्ही उठलो.

रस्त्यावर आल्यावर तात्या म्हणाले, "आप्पा, अवो पाण्याचं इचारायचं न्हाई व्हय? त्यांनीच तर इषय काढला हुता."

"कसं इचारू, पाटील? बाईंच्या वरची माती अजून वाळली न्हाई, आन् मी मोसंबीचं इचारू?"

"मग तुमीच सोडा की पाणी. हँडल का कुनी पळीवलंय?"

आप्पा थोडं अंतर चालले. मग थांबून म्हणाले, "गेल्या साली सोडलं मी. मानूस मला एक शब्द बोललं न्हाई. तवा आई-बापावरनं शिव्या घातल्या असत्या ना, तर आज सोडलं असतं."

आप्पा त्यानंतरही शिरूरला जाऊन आले, असं कळलं. बाकावर बसले, चहा घेतला आणि परत आले. राहूचे बाकीचे गडीही गेले. दुखवट्याच्या घरी जे बोलतात तेच सगळे बोलले. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं विचारलं असेल.

सर परत आले त्या दिवशी मी बागेत होतो. कॉलेज उघडायला आलं होतं आणि जाताना राहूला थांबलो होतो. नाव काठाला लागली. सरांनी सायकल उतरवली, काठावरच आडवी टाकली आणि ते सरळ बागेत शिरले. पहिल्या झाडाची फांदी त्यांनी ओढली आणि पान गालाला लावलं. पानाचा चुरा झाला. तो गालावरून खाली पडला. सरांनी खिशातला कलमाचा चाकू काढून खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं असायला हवं. तपकिरी होतं. मग दुसरं झाड, मग तिसरं. आम्ही मागून चालत होतो. एक ओळ संपली, दुसरी लागली. सगळी झाडं खरवडून झाल्यावर ते शेवटच्या बांधावर उभे राहिले.

आप्पा म्हणाले, "थांबल्यात का, सर?"

"नाही, आप्पा. मेलीत."

तो शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला. मग ते म्हणाले, "इंजिन चालू करा."

आप्पांनी खुंटीवरचं हँडल घेतलं. इंजिन सुरू झालं. पाणी पाटानं आलं आणि एकेका आळ्यात भरत गेलं. जमीन इतकी तापली होती की पाणी पडताच ती चुरचुरायची. सर खोरं घेऊन स्वतः बारे मोडत, पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत होते. मेलेल्या झाडांना आम्ही सूर्य कलेपर्यंत पाणी दिलं. मीही खोरं घेतलं होतं. मला फक्त माझे पाय गार पडलेले आठवतात.

संध्याकाळी आप्पांनी डोक्याचा पटका काढून सरांच्या पायाशी ठेवला. "मला काढून टाका, सर."

"का?"

"पाणी सोडलं न्हाई."

"मी सांगितलं होतं का सोडायला?"

"न्हाई."

"मग तुम्ही बरोबर केलंत," सर म्हणाले. त्यांनी पटका उचलून आप्पांच्या हातात दिला. आप्पा मला पुढं कितीदा तरी म्हणाले, "त्यापरीस पायताण काढलं असतं तर बरं झालं असतं."

पाऊस उशिरा आला. काही झाडांना बुडातून फूट आली. पण ती मोसंबीची नव्हती. खालच्या जंभेरीची होती, काटेरी. डोळा भरलेलं वरचं सगळं वाळून गेलं होतं.

पावसाळा सरताना ठरल्याप्रमाणे समिती आली. पीकशास्त्राचे प्राध्यापकही तिच्यात होते. ओळीनं उभ्या वाळक्या खोडांमधून ती माणसं फिरली. प्रमुखांनी विचारलं, "हे झालं कसं?"

आप्पा पुढं आले. "सायेब, चूक माजी—"

सर म्हणाले, "ताण मी जास्त दिला." बाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. समितीतल्या कुणाला ते ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही.

"मग आता या जमिनीचं काय करायचं म्हणता? ऊस उत्तम येईल."

"मी कडुनिंब, करंज, शिसव, बाभूळ लावतो."

पीकशास्त्राचे प्राध्यापक हसले. "अहो, ते जंगल खात्याचं काम आहे, उमाप. आपण कॉलेजवाले."

"असेल," सर म्हणाले. "पण ज्या झाडांना पाण्यासाठी कुणाच्या शब्दाची वाट बघावी लागत नाही, अशी मला थोडी तरी लावू द्या. एका कडेला दोन ओळी मोसंबी पुन्हा लावतो. दोन्ही शेजारी शेजारी वाढू द्या. मग तुम्हाला हवं ते ठरवा."

ते हे नेहमीच्या आवाजात बोलले, वर्गात बोलतात तसं. ऊस तिथं लागला नाही, एवढं खरं. जमीन सरांकडंच राहिली. पुढं कृषी विद्यापीठ झालं, विभाग वेगळा झाला, आणि त्याच्या नावात दोन्ही विषय आले, ते या बांधावरून आले. आदेशाचं मला ठाऊक नाही.

मधल्या वर्षांत मी एकदा थांबलो, म्हणजे नापास झालो, आणि पुन्हा पास झालो. सर शिकवत राहिले. डोळा कसा भरायचा, साल कशी उचलायची, सगळं पूर्वीसारखं. बांधावर जेवताना त्यांची प्रार्थना लांबली होती. गडी भाकरी हातात धरून थांबत. फक्त पान गालाला लावायचं त्यांनी सोडलं. पाणी कधी द्यायचं हे ते आप्पांना सांगेनासे झाले. "तुम्ही बघा," म्हणत. आणि आप्पा काही बघत नसत. ते पावसाची वाट बघत. मोसंबीच्या त्या दोन ओळींचा बहार धरायचा कुणी विषय काढत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र आप्पांनीच ताण दिला, कुणाला न सांगता. त्याच सुमारास सरांच्या बदलीचा हुकूम आला. विद्यापीठाच्या नव्या गावी त्यांना जायचं होतं. मी एम.एस्सी.च्या कामासाठी राहूलाच राहत होतो. त्यांची ट्रंक मी फाट्यावर एस.टी.वर चढवली. सर खिडकीशी बसले, टोपी मांडीवर. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "सावकाश घ्या हो."

तेवढ्यात बागेच्या बाजूनं आप्पा येताना दिसले. त्या वयात पळत. पायात काही नव्हतं. खिडकीखाली येऊन त्यांनी धाप टाकली आणि मूठ वर केली. मुठीत मोसंबीचं एक पान होतं, मिटत आलेलं, पण हिरवं.

"सर," आप्पा म्हणाले, "इचारतो. आज इचारतो मी. सोडू का पाणी?"

सरांनी ते पान घेतलं. तोडलेलं पान हातात आल्यावर ते पूर्वी आम्हाला बोलत. त्या दिवशी नाही. त्यांनी ते गालाला लावलं आणि डोळे मिटले. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. सरांचे डोळे मिटलेलेच होते. गाडी वळेपर्यंत मला खिडकीत ते तसेच दिसत होते, हात गालाशी धरलेला.

धूळ खाली बसली. मी विचारलं, "आप्पा, काय म्हणाले?"

"काय न्हाई."

आप्पा थोडा वेळ रस्त्याकडं बघत उभे राहिले. मग वळले आणि बागेकडं चालू लागले, आता सावकाश. मी फाट्यावरच बसून राहिलो. बऱ्याच वेळानं भीमेच्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला.